निकम उस्ताद

"काय वहिनी, अजून उतरली न्हाय वाटतं?"

जालिंदर भाऊजी गिरणीच्या दारात उभे राहून ओरडले. गिरणी चालू होती, तेव्हा ओरडल्याशिवाय इलाज नव्हता. पण दळणाला थांबलेल्या बायकांनाही ऐकू जावं, असाच तो आवाज होता. मी वरच्या डब्यात गहू ओतत होते. मागं भिंतीला लावलेल्या पोत्यांवर आमचे हे गाढ झोपले होते. तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा, मिशा पिठानं पांढऱ्या झालेल्या. भर दुपारी.

ह्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. फौजेत असताना वाट्याला आलेली बाटलीही दुसऱ्याला देऊन टाकायचे. पण ते कुणाला सांगायचं? निवृत्त होऊन घरी आल्यापासून चालताना मधेच झोक जायचा. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही, मग जीभ अडखळायची आणि अडखळली की राग यायचा. एकाचं दळण दुसऱ्याच्या डब्यात जायचं. गहू काढून न घेताच वर ज्वारी ओतायचे. शेवटी गिरणी मीच चालवायला लागले आणि हे पोत्यांवर झोपायला लागले. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

"उठवू का?" भाऊजींनी विचारलं.

"राहू द्या. काय निरोप?"

तेवढ्यात लाइट गेली. पट्टा हळूहळू मंद होत थांबला, दगड थांबला, आणि शांत झालं. त्याच क्षणी हे ताडकन उठून बसले. दोन्ही तळवे कानांवर, डोळे उघडे, पण बघतायत कुठं ते कळेना. हे नेहमीचं होतं. गिरणीच्या घरघराटात त्यांना झोप लागायची आणि शांतता झाली की मोडायची. कानात रात्रंदिवस एक शिट्टी वाजते, एवढंच मला त्यांनी एकदा सांगितलं होतं. गिरणी चालू असली की ती ऐकू येत नाही.

"कोन हाय?"

"मी जालिंदर, दादा. सव्वीस जुलैला शाळंच्या पटांगणात कार्यक्रम ठेवलाय. कारगिलचा. तुमचा सत्कार हाय."

"माझा कशापायी?"

"घ्या! आख्ख्या गावात तिथं जाऊन आलेला मानूस एक, आन् तोच इचारतोय कशापायी." भाऊजी बायकांकडं बघून हसले. "वरच्या हिवऱ्याच्या हौसाक्काबी येणार हायत. त्यांचा ल्योक तिथंच गेला. तालुक्याची मोठी मानसं येत्यात. कडक कपडे घाला, मेडल लावा."

ह्यांनी कपाळ दाबून धरलं. "बघू," म्हणाले.

भाऊजींनी तो होकार धरला. ते उपसरपंच होते. 'बघू' हा शब्द त्यांच्या लेखी होकारच होता.

कारगिल झालं तेव्हा मी गावी होते, पूनम पहिली-दुसरीत. ह्यांचं पत्र यायचं, 'मी ठीक आहे, काळजी करू नये'. त्यापलीकडं एक अक्षर नसायचं. दिवाळीला सुट्टीवर आले तेव्हा पारावरच्या माणसांनी विचारलं, "काय मानसिंग, लई धुमश्चक्री झाली म्हणं?" हे नुसते मान खाली घालून बसले. लोक म्हणाले, खरा शिपाई बढाई मारत नाही. तेव्हापासून ते तिथं होते असं गावानं ठरवून टाकलं. मीही तेच धरून चालले होते. झोपेत ते मला मनगटाला धरून खाली ओढायचे, माझं डोकं गादीत दाबायचे आणि ओरडायचे, "मान खाली! मान खाली!" मी अंग चोरून पडून राहायचे. मला वाटायचं, समोरून गोळ्या येतायत आणि हे मला वाचवतायत.

सत्काराचं ऐकून मला आनंदच झाला होता, कारण पूनमचं जमत आलं होतं. कोरेगावकडचे धुमाळ म्हणून होते. मुलगा दूध संघात चिकटलेला, घर चांगलं. पोरगी बघून गेले, पसंत केली आणि मग गप्प बसले. मध्यस्थाला खोदून विचारल्यावर तो म्हणाला, "मुलीचे वडील घेतात, असं त्यांच्या कानावर गेलंय." आता धुमाळ कार्यक्रमाला येणार होते. गावासमोर शाल खांद्यावर पडली की पुन्हा दारूचं नाव काढायची कुणाची छाती झाली नसती.

कार्यक्रमाच्या सकाळी मी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. हे ओसरीवर बसून होते.

"शालन, मला न्यू नगंस."

"अहो, तासाभराचं काम. शाल घ्यायची, हात जोडायचे, यायचं."

"भोंगा असतोय. डोक्यात घन बसल्यागत हुतं मला."

"कापूस घाला कानात. पोरीसाठी एवढं करा. धुमाळ येणार आहेत."

"तुला कळत न्हाय…" ते म्हणाले आणि पुढचा शब्द शोधत राहिले. सापडला नाही. हातातला पितळी तांब्या त्यांनी अंगणात भिरकावला. पूनम आतून धावत आली. तांब्या गडगडत गोठ्याच्या दावणीला जाऊन थांबला, तोवर ह्यांचा राग ओसरून चेहरा पोरक्या पोरासारखा झाला होता. 

"मी काय म्हनत हुतो?" त्यांनी पूनमला विचारलं.

"काही नाही, आप्पा. सदरा घाला."

ते मुकाट्यानं उठले आणि सदरा घातला. 

शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. पोरं रांगेत बसलेली, पुढं खुर्च्या. दुसऱ्या रांगेत धुमाळ आणि त्यांचा धाकटा भाऊ. मी त्यांना बघून पदर सारखा केला. स्टेजवर तालुक्याची माणसं, आमचे हे आणि कडेच्या खुर्चीत हौसाक्का. सुरकुतलेली, काळीसावळी, पांढरं लुगडं नेसलेली म्हातारी. पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. तिला साडी आणि नारळ दिला, टाळ्या झाल्या. कुणीतरी तिच्या मुलाचं नाव चुकीचं वाचलं. "नंदकुमार शेडगे," ती हळूच म्हणाली, पण तोवर पुढचा सत्कार सुरू झाला होता.

माइक मधूनच किंचाळायचा. तो किंचाळला की ह्यांचे डोळे मिटायचे. भाऊजी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ह्यांना असं काही त्या डोंगरावर चढवलं की विचारू नका. बर्फ काय, दुश्मनाचे तोफगोळे काय, मानसिंगदादांनी छातीवर झेलले काय. पोरं आ करून ऐकत होती. धुमाळ भावाच्या कानाला लागून काहीतरी चांगलंच बोलले असावेत. दोघांनी मान डोलावली. शाल पडली, फेटा बांधला.

"आता मानसिंग निकम दादांनी दोन शब्द बोलावंत."

असं काही ठरलं नव्हतं. हे उठले, झोक गेला, टेबलाला धरून उभे राहिले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. माइकपासून हातभर लांब उभे राहून ह्यांनी बोलायला सुरुवात केली.

"मी तिथं न्हवतो."

भाऊजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते माइक पुढं सरकवायला लागले. ह्यांनी तो हातानं बाजूला केला.

"कारगिलला मी न्हवतो. मी कुठल्याच लढाईत न्हवतो. मला गोळी कधी लागली न्हाय. मी पोरांना शिकवायला हुतो, ट्रेनिंगला. ती… ती नळी असती बघा. जमिनीवर रोवायची. वरनं गोळा सोडायचा आत. ती…" त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर ताठ झाली. "आयला, नावच येईना. वर्सानुवर्सं त्येच शिकवलं आन् नाव येईना."

"मॉर्टर," खुर्चीतला एक म्हातारा पेन्शनर म्हणाला.

"हां. मॉर्टर. उखळी तोफ. गोळा सोडला की पोरं मान खाली घालून बाजूला हुत्यात. पुढची जोडी येती. उस्ताद तिथंच उभा. रोज. सकाळधरनं. पोरं बदलत्यात, उस्ताद तोच. परत्येक दणका ह्या हितं," त्यांनी कानामागं बोट लावलं, "हितं बसतोय. आधी काय वाटत न्हाय. मग झोप जाती. मी शिकवलेली पोरं तिकडं वर गेली. समदी परत आली न्हाईत. मान त्यांचा हाय. मी नुसता उस्ताद हुतो." मग म्हणाले, "आन् मी दारू पीत न्हाय."

शाल काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवली. फेटा उतरवून तिच्यावर ठेवला. पायऱ्या उतरताना पुन्हा झोक गेला. ह्या वेळी कुणी हसलं नाही, पण कुणी हात द्यायलाही आलं नाही. पूनम उठली आणि तिनं बापाचा दंड धरला.

धुमाळ चहाला थांबले नाहीत. दिवस मावळायच्या आत मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

घरी आल्यावर मी चूल पेटवली आणि तिच्यापुढं बसून राहिले. संताप होता की रडू, माझं मलाच कळत नव्हतं. हे दारात उभे राहिले.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मला, मला तरी?"

"काय सांगनार? जखम न्हाय, टाका न्हाय. समोर दुश्मन न्हाय. आपल्याच तोफंच्या आवाजानं डोकं गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या हाताखालनं गेलेली पोरं पेटीत घालून परत आली, शालन. मी धड हातापायानं घरी. आन् मी म्हनू, माझं डोकं दुखतंय?"

"मग झोपेत मला खाली दाबता ते?"

त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते खाली बसले. "पोरांना सांगत आसंन," ते म्हणाले. "गोळा सोडला की सांगायचं आसतंय. मान खाली."

इतकी वर्षं मी समजत होते, हे मला दुश्मनापासून वाचवतायत. त्यांच्या लेखी मी एक नवशिकं पोरगं होते, आणि वाचवायचं होतं ते त्यांच्याच तोफेपासून.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर फारसं कुणी आलं नाही. जे आले ते खालमानेनं दळण ठेवून गेले. हे पोत्यांवर बसून होते, झोप नव्हती. दुधाचा टेम्पो समोर थांबला आणि त्यातून हौसाक्का उतरली. काखेत पायलीभर ज्वारीचं गाठोडं. वरच्या हिवऱ्यात तिच्या दारासमोर गिरणी होती, हे मला ठाऊक होतं.

"दळायचं हाय, बया," तिनं गाठोडं माझ्याकडं दिलं आणि सरळ ह्यांच्यासमोर जाऊन बसली. मी गिरणी चालू केली नाही.

"तूच काल बोलला न्हवं?"

"व्हय, आक्का."

"माझा नंदू म्हनायचा, फोनवर. गावात एकच फोन तवा, वान्याकडं. म्हनायचा, आये, हितले उस्ताद आपल्याच सातारकडचे हायत. मारत्यात बी आन् त्यांच्या ताटातलं खायाला बी देत्यात. नाव सांगितलं आसंल त्यानं, माझ्या ध्येनात न्हाय ऱ्हायलं. तूच का रं त्यो?"

हे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. नंदकुमार. शेडगे. वरचं हिवरं. ते आत कुठंतरी दार शोधत होते.

मला वाटलं, हो म्हणा. अहो, हो म्हणा. काय जातंय? म्हातारीला तेवढं घेऊन जाऊ दे.

"आठवत न्हाय, आक्का," हे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पुसायचंही भान नव्हतं. "सातारकडचे उस्ताद आनखी हुते. मी आसंन, नसंन. लई पोरं हुती. त्यांची तोंडं माझ्या डोक्यात हुती, समदी हुती. आता न्हाईत. डोळे मिटलं की नुसती शिट्टी वाजती."

मला वाटलं, हौसाक्का आता उठेल, ज्वारी घेऊन जाईल. तिनं पदरानं ह्यांचं तोंड पुसलं, शेंबड्या पोराचं पुसावं तसं.

"आसूं दे," ती म्हणाली. "मी सांगते की. कसा हुता त्यो, मी सांगते तुला."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. नंदू पायाळू जन्मला इथपासून. ओढ्याच्या डोहात बुडता बुडता वाचला, मास्तरच्या सायकलची हवा सोडली, भरतीला जाताना अनवाणीच गेला, कारण बूट पळायला जड होतात म्हणाला. बारा वर्षांत ते सगळं ऐकून तिच्या गावाचे कान किटले होते. ती बोलायला लागली की सुना उठून जायच्या. हे ऐकत होते. मधेच विचारायचे, "मास्तर काय म्हनला?" आणि ती सांगायची. दुपार झाली. गिरणी बंदच होती, पण ह्यांचे हात कानांवर गेले नाहीत.

दोन-चार दिवसांनी ती पुन्हा आली. ह्यांनी विचारलं, "आक्का, सायकलचं काय म्हनाला हुता तुम्ही?" निम्मं विसरले होते. म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पूनमनं हट्ट धरून आप्पांना पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. ह्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं, डोक्याचे फोटो काढले, यंत्रं लावून एक रात्र झोपवलं. फोटोत काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "असे धक्के वारंवार बसले तर मेंदूला इजा होऊ शकते. तुमच्या बाबतीत तसंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण लक्षणं तशी आहेत. ह्याला आम्ही सौम्य दुखापत म्हणतो."

"सौम्य?" पूनम म्हणाली.

"फोटोत दिसत नाही म्हणून सौम्य. सोसणाऱ्याला सौम्य असते असं नाही." मग त्या ह्यांच्याकडं वळल्या. "हवालदारसाहेब, झोपेत तुमचा श्वास अडतो. मेंदूची दिवसभराची झीज झोपेत भरून निघते, आणि तुम्ही वर्षानुवर्षं धड झोपलाच नाहीत. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण आधी झोप सुधारू."

श्वासाचं यंत्र मिळालं, तोंडावर बांधायचं. संध्याकाळचा चहा बंद झाला, झोपायची वेळ ठरली. पहिले काही महिने हे यंत्र काढून फेकायचे. मग सवय झाली. त्या यंत्राचा बारीक आवाज रात्रभर कानाशी चालू असायचा, तोही मानवला असावा. झोकही कमी झाला. राग आला तरी तांब्या हातातच राहायचा. नावं मात्र परत आली नाहीत. पूनमचं दोन वर्षांनी फलटणला जमलं, शाळामास्तर आहे. त्या लग्नात जालिंदर भाऊजींनी पंगतीत वाढलं, पण ह्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

हौसाक्का येतच राहिली. तिच्यासाठी गिरणीसमोरच्या लिंबाखाली एक बाज टाकून ठेवलेली असायची. पुढं पुढं तिचंच विसरायला लागलं. नंदूला विंचू चावला तो पाय कुठला, सायकल मास्तरची की तलाठ्याची. मग हेच सांगायचे, "डावा, आक्का. आन् सायकल मास्तरचीच." ती मान डोलवायची. "व्हय रं, डावाच."

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. गिरणी आम्ही विकली. ह्यांचंही वय झालं आणि डॉक्टरीणबाईंनी पुढं एकदा बोलून दाखवलं होतं तसं, जे थोडं सावरलं होतं ते पुन्हा निसटायला लागलंय.

गेल्या आठवड्यात सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. हे ओसरीवर उन्हाला बसले होते. अचानक म्हणाले, "शालन, नंदू शेडगे माझ्याच बॅचला हुता."

मी सूप खाली ठेवलं.

"पयल्या दिशी वाऱ्यानं टोपी उडाली त्याची. रेंजवर. मी आख्ख्या मैदानाला चक्कर मारायला लावली. पळताना हसत हुतं बेनं. अनवानी पळू का, उस्ताद, म्हनलं मला. बूट जड हुत्यात."

टोपीची गोष्ट हौसाक्कानं कधीच सांगितली नव्हती. तिला ती ठाऊक असणंही शक्य नव्हतं. खरंच कुठलं दार उघडलं होतं की म्हातारीनं इतकी वर्षं सांगून सांगून पेरलेलं आता आपोआप उगवत होतं, मला कळेना. ह्यांच्या तोंडावर मात्र कसलीच शंका नव्हती.

"आक्काला सांगाया पायजे," ते म्हणाले. "आज यील न्हवं? टेम्पोची येळ झाली की."

ते उठले आणि गिरणीवरून आणून भिंतीला टेकवलेली आक्काची बाज सावलीत ओढायला लागले. एकट्याच्यानं ओढवेना. मी उठले आणि बाजेचं दुसरं टोक धरलं.